इरावदी फ्लोटिला कंपनी : थिबा राजाला घेऊन गेलेल्या बोटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहून बाहेर पडलेला माणूस बहुधा एक प्रश्न विचारतोच : ब्रह्मदेशाच्या राजाला इतक्या लांब आणलं कसं? ‘बोटीने’ एवढं सांगून भागत नाही. कुणाच्या बोटीने, कुठल्या नदीतून, नदीत एवढी मोठी बोट चालते का, अशी साखळी लागते. बोट होती इरावदी फ्लोटिला कंपनीची आणि नदी ब्रह्मदेशातली इरावदी. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आणि नातेवाइकांना तेच तेच सांगून झाल्यावर हे एकदा लिहून काढलं. जागांची नावं जुनीच ठेवली आहेत. रंगून म्हणजे आजचं यांगोन, प्रोम म्हणजे प्ये.

ही कंपनी ब्रह्मी होती की इंग्रजांची?

नेमकं सांगायचं तर स्कॉटिश. पैसा ग्लासगोचा, बोटी डंबार्टनच्या गोदीतल्या, खलाशी चितगावचे आणि नदी तेवढी ब्रह्मदेशाची. ग्लासगोचं हेंडरसन घराणं रंगूनपर्यंत समुद्री जहाजं चालवत असे आणि डंबार्टनचं डेनी घराणं जहाजं बांधत असे. दोघांनाही या कंपनीत रस होता. हेंडरसनची जहाजं रंगूनला माल आणून टाकणार, तिथून पुढे नदीने तो आत कोण नेणार, हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

सुरुवात कधी झाली?

१८६५ साली. त्याआधीची गोष्ट अशी की १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात सरकारने काही वाफेच्या बोटी इरावदीत आणल्या होत्या. युद्ध संपलं, पेगू प्रांत खालसा झाला, पण बोटी तिथेच राहिल्या. सैन्य, दारूगोळा, टपाल यांची ने-आण त्याच करत. सरकारला बोटी चालवायची हौस नव्हती. चार बोटी आणि तीन फ्लॅट (मालाची बिनइंजिनाची जहाजं) रंगूनच्या टॉड फिंडले या व्यापारी पेढीला विकून टाकले आणि टपाल-सैन्याच्या वाहतुकीचं काम सोबत देऊन टाकलं. एवढ्यावर कंपनी उभी राहिली. नाव आधी लांबलचक होतं, दहाएक वर्षांनी ते आटोपशीर होऊन ‘इरावदी फ्लोटिला कंपनी’ झालं. १८६८ मध्ये बोटी मंडालेला जायला लागल्या आणि १८६९ मध्ये चीनच्या वाटेवरच्या भामोला.

‘फ्लोटिला’ म्हणजे काय?

लहान बोटींचा ताफा. पुढे ताफा सहाशेच्या वर गेला, नाव मात्र लहानच राहिलं.

एका नदीवर एवढी मोठी कंपनी कशी चालली?

कारण तिथे नदी हाच हमरस्ता होता. समुद्रापासून भामोपर्यंत साधारण नऊशे मैल इरावदीतून बोट जाते. देशाच्या मधोमध, दक्षिणोत्तर. दोन्ही बाजूंना डोंगर आणि जंगल, आणि जुन्या सगळ्या राजधान्या काठावर : प्रोम, पगान, आवा, अमरपुरा, मंडाले. आपल्याकडे पुण्याहून सातारा, साताऱ्याहून कोल्हापूर असा रस्ता पकडतात, तसा तिथे माणूस नदी पकडायचा. नावाचा संबंध आपल्या ‘इरावती’शी आहे, हे ऐकताच लक्षात येतं.

म्हणूनच ज्याच्याकडे बोटी त्याच्या हातात देश, हे तिथे अक्षरशः खरं होतं. कंपनीचा पुढचा सगळा इतिहास यातूनच निघतो.

बोटी कशा होत्या? आपल्या कोकण बोटींसारख्या?

अजिबात नाही. कोकणच्या बोटीला लाटा कापायच्या असत, म्हणून तिचा तळ खोल. इरावदीच्या बोटीचा तळ ताटासारखा सपाट. आडव्या-लांब दोन-तीन मजली चाळीला दोन्ही कुशींना पाणचक्की लावली तर कशी दिसेल, तशी ती दिसे. लहान फाट्यांवरच्या आणि इरावदीला मिळणाऱ्या चिंदविन नदीतल्या बोटींची चक्की मागच्या टोकाला असे, आणि त्यांना कमरेएवढं पाणी पुरे.

सगळ्यात मोठ्या बोटी ‘सियाम’ वर्गाच्या. लांबी ३२६ फूट, रुंदी ४६ फूट, आणि डेकवर चार हजारांवर माणसं घेण्याचा परवाना! आकडा वाचून पहिल्यांदा मला छापण्यातली चूक वाटली होती. पण डेकचा प्रवासी म्हणजे स्वतःची चटई, स्वतःचं गाठोडं, स्वतःचा डबा आणि मिळेल तिथे बैठक, हे डोळ्यांसमोर आणलं की ते पटतं. साहेब लोकांच्या केबिनी पुढच्या टोकाला, वारा आधी लागतो तिथे.

बोटीच्या दोन्ही बाजूंना एकेक ‘फ्लॅट’ बांधलेला असे. फ्लॅट म्हणजे इंजिन नसलेलं मालाचं तराफेवजा जहाज. मधे बोट आणि काखेत दोन फ्लॅट असा संसार वळणावळणाच्या नदीतून चालवायचा.

आता गंमत बघा. या बोटी स्कॉटलंडमध्ये बांधून समुद्रातून चालवत आणणं धोक्याचं, कारण सपाट तळाची बोट समुद्रात टिकणार कशी? म्हणून बहुतेक बोटी तिकडे नुसत्या बोल्टांनी जोडून पाहायच्या, प्रत्येक पत्र्याला नंबर टाकायचा, पुन्हा सुट्या करायच्या, जहाजाच्या पोटात भरायच्या आणि रंगूनसमोरच्या दल्ला गोदीत रिव्हेट ठोकून उभ्या करायच्या. हल्ली घरी खोक्यातून कपाट येतं आणि आपण जोडत बसतो, तसंच. फक्त कपाट तीनशे फुटांचं.

नदीत बोट वाळूवर चढत नसे का?

सारखी चढे. इरावदीचं पाणी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखं नसतं. मंडालेला या दोन पातळ्यांत सुमारे तीस फुटांचा फरक पडतो. पूर ओसरला की वाळूचे दांडे जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट यंदा मिळेलच असं नाही. खाडीच्या मुखाशी गाळ सरकतो तेव्हा आपल्या होडीवाल्यांची जी तारांबळ होते, ती शेकडो मैल, रोज.

यावर कंपनीने तोडगे काढले ते साधे होते. बोटीच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन माणसं, हातात पट्टे रंगवलेला लांब बांबू. बांबू पाण्यात खुपसायचा, ओला पट्टा पाहायचा आणि खोली ओरडून सांगायची. वर सुकाणूवाल्याचं लक्ष त्या आवाजाकडे. वाट दाखवायला नदीत बांबूच्याच बोया. आणि प्रत्येक टापूचा वाटाड्या वेगळा. आपल्या टापूपुरता तो बोटीवर चढे, तेवढी नदी त्याला हाताच्या रेषांसारखी पाठ. टापू संपला की उतरे, पुढचा चढे. पुढे विजेचे झोतदिवे आले, पण बांबू काही सुटला नाही.

भामोच्या खाली नदी डोंगरात चिंचोळी होते. तिथे काठावरच्या एका खडकाला पोपटाच्या डोक्यासारखा रंग दिलेला आहे, लाल चोच वगैरे. पाणी चोचीला लागलं की पुढे जायचं नाही. कुठल्याही यंत्रापेक्षा खलाशांचा या पोपटावर विश्वास जास्त.

नदीच्या बोटीत ‘बोट लागते’ का?

नाही. लाटच नाही तर लागणार काय? आमची आजी मुंबई-रत्नागिरी बोटीचं नाव काढलं तरी लिंबू शोधायची. तिला इरावदी मानवली असती. आणखी एक सुख म्हणजे पडावात, म्हणजे धक्क्यापर्यंत नेणाऱ्या होडीत, उतरायची भानगड नाही. बोट सरळ काठाला नाक लावी, खलाशी दोर घेऊन पाण्यात उडी टाकी, काठावरच्या खुंटाला बांधी, एक फळी पडे आणि माणसं चालत उतरत.

बोटीवर काम कोण करायचं?

कप्तान आणि इंजिनियर बहुतेक स्कॉटिश. बाकी जवळपास सगळा भार चितगावच्या मुसलमान खलाशांवर. लहान बोटी तर तेच स्वतः चालवत. त्यांच्या हुद्द्यांची नावं वाचताना कोकणातल्या माणसाला परकं वाटत नाही : सारंग, सुकाणी, तांडेल, खलाशी. हीच नावं दाभोळ-जयगडच्या धक्क्यावर ऐकू येत. समुद्री भाषा फारसी, अरबी, पोर्तुगीज असं सगळं गिळून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरली आहे.

कंपनीवर जे लिहिलं गेलं त्यात कप्तानांची नावं भरपूर आणि सारंगांची क्वचित. मला हे खटकतं, कारण वाळूतून बोट काढणारा माणूस दुसराच होता.

बाजारबोट हा काय प्रकार होता?

या कंपनीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट. टपालाची बोट झपाझप जाई, तिला थांबे कमी. पण मंडालेहून भामोकडे जाणारी मालाची बोट म्हणजे तरंगता आठवडी बाजार. डेकवर आणि फ्लॅटवर व्यापाऱ्यांना जागा भाड्याने दिलेली. ज्याची त्याची जागा ठरलेली, जवळजवळ वडिलोपार्जित दुकानासारखी. कापड, रेशमी लुंग्या, चिनी मातीची भांडी, छत्र्या, डब्यातलं दूध, बिस्किटं. आणि ‘ङापी’, म्हणजे आंबवून वाटलेल्या माशांचा गोळा. आपल्याकडे एसटीत सुक्या बोंबलाची पिशवी ठेवली तर मागच्या बाकावरून कुरबुर सुरू होते. इथे ङापीच्या घमेल्यांशेजारी चार चार दिवस झोपायचं.

बोटीची शिटी ऐकली की गाव काठावर जमे. बायका टोपल्या घेऊन फळीवरून वर चढत, भाव करत, गावची भाजी-कोंबड्या देऊन शहरचा माल नेत. पुन्हा शिटी झाली की उतरायची धांदल.

मुंबईच्या जुन्या घरांतला बर्मा साग याच बोटींनी यायचा का?

नाही, हा नेहमीचा गैरसमज. सागाचे ओंडके बोटीत घालत नसत, नदीत सोडत. ताजा सागवान पाण्यात बुडतो, म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल-लाकडाचं कडं कापून झाड दोन-तीन वर्षं तसंच वाळू देत. मग तोडायचं, हत्तींनी ओढ्यात ढकलायचं, पावसाच्या लोंढ्याबरोबर ते मोठ्या नदीत येई. तिथे ओंडक्यांचे तराफे बांधून ते रंगूनपर्यंत वाहात जात. बोटीच्या कप्तानाच्या दृष्टीने हे तराफे म्हणजे वाटेतली ब्यादच.

सागाचा या गोष्टीशी संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने. तो पुढे येतोच.

मग बोटीतून जायचं काय?

माणसं सगळ्यात जास्त. खालच्या त्रिभुज प्रदेशातून भात रंगूनच्या गिरण्यांकडे. येनान्जाऊंगच्या विहिरींतलं खनिज तेलही नदीनेच, १९०९ च्या सुमारास नळ टाकला जाईपर्यंत.

१८८५ च्या युद्धात कंपनीने काय केलं?

थोडक्यात सांगायचं तर ते युद्ध कंपनीच्या बोटींतूनच लढलं गेलं.

आधीची परिस्थिती अशी : खालचा ब्रह्मदेश इंग्रजांचा, वरचा राजाचा, आणि कंपनीच्या बोटी दोन्हीकडे चालत. राजाची प्रजाही त्यांचं गिऱ्हाईक. १८७९ मध्ये इंग्रजांनी मंडालेतला आपला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, काढून घेतला. मग तिथली बातमी कोण देणार? मंडालेत आंद्रेइनो नावाचा इटलीचा कॉन्सल, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, होता. तोच फ्लोटिला कंपनीचा एजंट आणि तोच बॉम्बे बर्मा कंपनीचाही एजंट. दरबारात ऊठबस करायची आणि ऐकलेलं रंगूनला कळवायचं! थिबा फ्रेंचांशी काय बोलणी करतो आहे, हे याच वाटेने बाहेर पडलं.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली सागाची कंपनी. ओंडक्यांचे खोटे आकडे दाखवून राजाचं उत्पन्न बुडवलं म्हणून १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरमध्ये फौज निघाली.

जनरल प्रेंडरगास्टची सुमारे दहा हजारांची फौज, तोफा, घोडे, खेचरं हे सगळं कंपनीच्या बोटींवर आणि फ्लॅटवर चढलं. १४ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडली, १७ ला मिन्हलाचा किल्ला पडला, २८ ला बोटी मंडालेच्या काठाला लागल्या. दोन आठवडे! जमिनीवरून हीच फौज चालत गेली असती तर कित्येक महिने गेले असते. वाळूचे दांडे कुठे, वळण कुठे, रात्री नांगर कुठे टाकायचा, हे कंपनीच्या माणसांना सतरा वर्षांच्या फेऱ्यांनी ठाऊक होतं.

थिबाच्या नोकरीत काही इटालियन होते. त्यांचा बेत होता नदीत बोटी बुडवून वाट अडवायची. बेत बरोबर होता, वेळ गेली होती. इंग्रजांनी पहिल्याच दिवशी राजाची बोट पकडली. नदी अडवण्यासाठी बोटी बुडवायची ही कल्पना लक्षात ठेवा, सत्तावन्न वर्षांनी ती परत येणार आहे.

थिबा राजाला नेलं ती बोट कोणती?

कंपनीची ‘थूरिया’. २९ नोव्हेंबर १८८५ ला सव्वीस वर्षांचा राजा, राणी सुपयालात आणि परिवार यांना राजवाड्यातून बैलगाड्यांत बसवून नदीकाठी आणलं. हत्तींची नगरी आणि राजा बैलगाडीत. तिथून थूरिया खाली रंगूनला, पुढे समुद्री जहाजाने मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी.

बोटीचं नाव आपल्याला कळण्यासारखं आहे. ब्रह्मी तोंडात आपला ‘स’ बदलून ‘थ’च्या जवळ जातो. थूरिया म्हणजे सूर्य. ब्रह्मदेशाचे राजे स्वतःला सूर्यवंशी म्हणवत. नाव मुद्दाम निवडलं असेल असं मला वाटत नाही, जी बोट रिकामी होती ती लावली असणार. पण शेवटचा राजा सूर्य नावाच्या बोटीतून गेला खरा.

लोकमान्य टिळकही याच कंपनीच्या बोटीने मंडालेला गेले का?

टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला नेलं तोवर रंगून-मंडाले रेल्वे होऊन एकोणीस वर्षं झाली होती. मंडालेसाठी नदीच्या बोटीची गरज उरली नव्हती. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत, हा योग मात्र सहा वर्षं टिकला, १९१४ पर्यंत.

मग रेल्वेने कंपनीचा धंदा बुडवला असेल?

उलट झालं. १८७७ मध्ये रंगून-प्रोम रेल्वे झाली, तेव्हा कंपनीने टपालाच्या बोटी सरळ प्रोमपासून सोडायला सुरुवात केली. खालचा वळणांचा टप्पा वाचला. १८८९ मध्ये गाडी मंडालेला पोहोचली तरी काठावरच्या हजारो गावांना स्टेशन थोडंच मिळणार होतं? आणि नदीवर पूल कुठे होता? आव्याचा पूल व्हायला १९३४ साल उजाडलं, तोवर पलीकडे जायचं तर बोटच.

१९२०-३० च्या दशकांत कंपनी ऐन भरात होती. सहाशेहून अधिक जहाजं-फ्लॅट, वर्षाला नव्वद लाखांच्या घरात प्रवासी. नदीवर चालणारा जगातला सर्वांत मोठा खासगी ताफा असं त्याला म्हणत. ब्रह्मी लोकांना हे सगळं आवडत होतं असं समजू नका. भाडं ठरवणारी कंपनी परकी, खलाशी परदेशातले, आणि दुसरी बोट काढणाऱ्याला दर पाडून कंपनी टिकू देत नसे.

१९४२ मध्ये काय घडलं?

जपानी दक्षिणेकडून आत घुसले. ८ मार्चला रंगून पडलं. दल्ला गोदी गेली, म्हणजे दुरुस्तीची जागाच गेली. बोटी वर सरकत राहिल्या : जखमी, सैन्य, तेल आणि हिंदुस्थानी निर्वासित घेऊन. ब्रह्मदेशातून तेव्हा चार-पाच लाख हिंदी माणसं पायी हिंदुस्थानाकडे निघाली. त्यांतल्या कित्येकांना चिंदविन नदीने कलेवापर्यंत या बोटींनी आणलं, पुढे तामूवरून मणिपूरची वाट. मे महिन्यात जनरल स्लिमच्या माघार घेणाऱ्या फौजेलाही श्वेजिनहून कलेवाला नेलं ते याच चक्कीच्या बोटींनी, डोंगरावरून मारा होत असताना.

पण मुख्य इरावदीतल्या बोटी जाणार कुठे? नदी वर जाते ती डोंगरात संपते. खाली जपानी. आव्याच्या पुलाचे गाळे सैन्याने उडवून दिले. मग कंपनीचे व्यवस्थापक जॉन मॉर्टन यांनी आपल्याच माणसांना आपल्याच बोटी बुडवायला सांगितलं. शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही. मंडालेजवळ आणि वर काथाच्या बाजूला, ज्या बोटी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवल्या त्यांना भोकं पाडायची, पाणी डेकपर्यंत येईतो थांबायचं आणि पुढच्या बोटीकडे जायचं. दोनशेहून अधिक अशा रीतीने तळाला गेल्या.

थिबाच्या इटालियनांना जे वेळेत जमलं नाही, ते कंपनीने स्वतःच्या हाताने केलं. आणि बोटी बुडवून झाल्यावर बोटवाले चालू लागले. सारंग-खलाशांना चितगाव गाठायचं होतं, पायी, डोंगर ओलांडून, पावसाळा तोंडावर असताना.

युद्धानंतर कंपनी परत उभी राहिली का?

राहायचा प्रयत्न केला. काही बोटी वर काढल्या, काही नव्या आणल्या. १९४७ मध्ये क्लाइड नदीकाठी बांधलेली ‘पांडॉ’ त्यांतलीच. पण ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि १ जूनला सरकारने नदी-वाहतूक ताब्यात घेतली. कंपनीचं दुकान बंद झालं, ताफा सरकारी खात्याकडे गेला. ते खातं ‘अंतर्गत जलवाहतूक’ या अर्थाच्या नावाने आजही बोटी चालवतं.

जुनी एखादी बोट आज पाहायला मिळते का?

‘पांडॉ’ मिळू शकते. १९९५ मध्ये एका स्कॉटिश माणसाने पर्यटकांसाठी कंपनीचं जुनं नाव पुन्हा वापरात आणलं आणि पुढे ही बोट दुरुस्त करून चालवली. त्या जलसफरींच्या धंद्याचंही नाव पांडॉच पडलं. देशातली सध्याची परिस्थिती पाहता जाण्याआधी चौकशी करून घ्या.

आणि रत्नागिरीत?

कंपनीचं इथे काही नाही. राजवाडा बांधून होईपर्यंत थिबा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. १९१० मध्ये तो जांभ्या दगडाच्या या वाड्यात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. राणी १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजा सज्जात बसून दुर्बिणीने समुद्रावरच्या बोटी बघायचा असं गावात सांगतात. सज्जात उभं राहिलात तर समोर भाट्याची खाडी दिसते. ओहोटीला तिच्यातही वाळूचे दांडे वर येतात.